दृष्टीआडची सृष्टी

‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपण बहुधा स्वतःची समजूत घालण्यासाठी वापरतो. उपाहारगृहाच्या भटारखान्यात डोकावू नये, डोकावल्यास ताटातले अन्न गोड लागत नाही. कापड कोणी विणले, विहीर कोणी खणली, गटार कोण उपसतो याची चौकशी करीत बसू नये. समोर आले ते घ्यावे आणि सुखाने राहावे, असा तिचा व्यवहारी अर्थ. परंतु म्हणीतील दोनच शब्द नीट वाचले तर त्यांत आणखी एक विधान दडलेले आढळते. दृष्टीच्या आड असते तीही सृष्टीच असते. तेथेही माणसे असतात, त्यांना दिवस आणि रात्र असते, भूक आणि झोप असते, घरची आठवण असते. आपण पाहिले नाही म्हणून त्या सृष्टीचा व्यवहार थांबत नाही.

ही म्हण उलटी करून तिचाच व्यापार मांडणारी एक प्रथा आज जगातील मोठ्या पर्यटक-जहाजांवर, म्हणजे ज्यांस आपण क्रूझ म्हणतो त्यांवर, रूढ झाली आहे. प्रवाशाने तिकिटाव्यतिरिक्त वेगळे शुल्क भरावे आणि एरवी ज्या दारांवर त्यास मज्जाव असतो त्या दारांपलीकडे त्यास तीन-चार तास फिरवून आणावे, अशी ही योजना. प्रथम ऐकताना ती निरुपद्रवी, किंबहुना स्तुत्य वाटते. परंतु विचार करू लागलो की तिच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न सापडतो : दुसऱ्याचे कष्ट पैसे देऊन पाहणे म्हणजे त्या कष्टांचा आदर करणे, की त्यांचा तमाशा करणे? या प्रश्नाचा थोडा ऊहापोह करावा असे आम्हांस वाटते. तो केवळ दूरदेशीच्या श्रीमंत प्रवाशांचा प्रश्न नाही, हे पुढे दिसून येईल.

पडद्यामागची फेरी

प्रथम वस्तुस्थिती. २०२४ च्या जानेवारीत मायामी बंदरातून पहिल्या सफरीस निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज घ्या. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले वीस. पूर्ण भरले असता प्रवासी सुमारे ७,६०० आणि त्यांच्या दिमतीस कर्मचारी सुमारे २,३५०. एक मोठा गावच पाण्यावर तरंगत असतो म्हणा ना. या गावाला दिवसातून अनेकवार जेवू घालायचे, त्याच्या चादरी आणि पंचे धुवायचे, समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून त्याच्यासाठी गोडे पाणी तयार करायचे, त्याचा कचरा निवडायचा आणि जाळायचा, त्याच्यासाठी वीज निर्माण करायची. आणि हे सर्व अशा रीतीने करायचे की करणाऱ्यांपैकी फारच थोडे हात त्याच्या नजरेस पडावेत.

‘रॉयल कॅरिबियन’, ‘कार्निव्हल’, ‘प्रिन्सेस’ अशा कंपन्यांनी पडद्यामागच्या फेरीस निरनिराळी आकर्षक नावे दिली आहेत. स्वरूप मात्र बहुतेक सारखेच. जहाज कोणत्याही बंदरास न लागता दिवसभर समुद्रात असते अशा दिवशी ती निघते. गट लहान असतो. पायांत बंद जोडे हवेत, कॅमेरे आत ठेवावेत, सोबत सुरक्षारक्षक असतो. शुल्क साधारणतः शंभर डॉलर वा त्याहून अधिक. सुकाणूकक्षात कप्तान वा त्याचा अधिकारी यंत्रे समजावून सांगतो. इंजिनाच्या नियंत्रणकक्षात पडद्यांवर आकडे हलताना दिसतात. भटारखान्यात मांसासाठी, मासळीसाठी, भाजीसाठी वेगवेगळ्या खोल्या आणि वेगवेगळ्या रंगांच्या फळ्या असतात. शीतगृहात भाज्यांच्या खोक्यांच्या भिंती उभ्या असतात. धुलाईखान्यात पंच्यांच्या घड्या घालणारी यंत्रे असतात. कचऱ्याच्या खोलीत काच, पत्रा, पुठ्ठा वेगळा काढणारी माणसे असतात. नाट्यगृहाच्या विंगेत पोशाख टांगलेले असतात. अखेरीस एखादी भेटवस्तू आणि कप्तानासमवेत छायाचित्र. प्रवासी समाधानाने आपल्या मजल्यावर परततात.

यांतील काही भाग पूर्वी विनामूल्य होता. अनेक जहाजांवर कप्तान सौजन्याने प्रवाशांस सुकाणूकक्ष दाखवीत असे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर बंदोबस्त कडक झाला, जुलै २००४ पासून जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली लागू झाली आणि ती दारे मिटली. पुढे ती उघडली ती बहुधा दर ठरवूनच. सौजन्याचा असा बाजारभाव ठरला, हेही या कथेत ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या फेरीत एक रस्ता बहुधा लागतोच. जहाजाच्या पोटातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला लांबलचक बोळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने उत्तर-दक्षिण धावणाऱ्या महामार्गावरून खलाशी त्यास ‘आय पंच्याण्णव’ म्हणतात. काही ब्रिटिश जहाजांवर त्यास ‘बर्मा रोड’ असेही नाव पडले. वर गालिचे, खाली उघडा पत्रा; वर संगीत, खाली हातगाड्यांचा खडखडाट. मधे एकच दार. ही युक्ती आजची नाही. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर भट्ट्यांत कोळसा घालणाऱ्या कामगारांसाठी नाळेकडील खोल्यांपासून थेट भट्ट्यांपर्यंत स्वतंत्र नागमोडी जिना आणि बोगदा बांधला होता, काळवंडलेल्या अंगाने त्यांना प्रवाशांच्या वाटेत यावे लागू नये. कष्ट लपविण्याची कला ही जहाज बांधण्याच्या कलेइतकीच जुनी असावी. जॉर्ज ऑर्वेल हा आपल्या मोतीहारीस जन्मलेला लेखक ऐन तारुण्यात पॅरिसच्या हॉटेलात भांडी घासत होता. भटारखाना आणि भोजनगृह यांच्यामधील दार ओलांडताच वाढप्याची चाल, चेहरा आणि आवाज कसा पालटतो, हे त्याने १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बारकाईने नोंदविले आहे.

पाहण्याच्या बाजूने

दुसऱ्यांचे काम पाहायला जाण्याची हौस मानवाला पूर्वीपासून आहे. पॅरिस शहराची भुयारी गटारे १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षकांस खुली झाली. त्याच शहरातील बेवारशी प्रेतांची शवशाळाही १९०७ पर्यंत लोक रांगा लावून पाहत. डीन मॅकॅनेल या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ साली ‘द टूरिस्ट’ नावाचा ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकारंभीच्या पॅरिसच्या मार्गदर्शिकांत गटारे, कत्तलखाना, तंबाखूचा कारखाना, टांकसाळ अशी कामाची स्थळे प्रेक्षणीय म्हणून कशी दिली जात, हे त्याने त्यात दाखविले. आधुनिक माणूस सुटीच्या दिवशीही काम पाहायला जातो. मात्र ते दुसऱ्याचे काम असते. आमच्या मुंबईत धारावीच्या अरुंद गल्ल्यांतून चालणाऱ्या पाहणीफेऱ्या याच परंपरेतल्या.

या हौशीची केवळ टवाळी करणे अन्यायाचे होईल. तिच्या बाजूने म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘राज्यशास्त्र’ ग्रंथात दासास सजीव हत्यार म्हटले. मागावरचा धोटा आपोआप विणू लागला असता तर धन्यास दासांची गरज भासली नसती, असाही विचार त्याने तेथेच मांडला आहे. आजच्या ऐषआरामी जहाजावर प्रवाशास विकला जातो तो नेमका हाच भास : येथे धोटे आपोआप विणतात. खोलीतून बाहेर पडावे आणि परत यावे तो बिछाना घातलेला. बशी ठेवावी तो ती नाहीशी झालेली. जणू सेवा आहे, पण सेवक नाही. असा भास ज्याच्या मनात मुरला त्याला कृतज्ञता कोणाबद्दल वाटावी? पडद्यामागची फेरी निदान हा भास मोडते. पंचा आपोआप दुमडला जात नाही, पहाटेचा पाव रात्रभर जागलेल्या कोणी भाजला आहे, एवढे तरी प्रवाशास कळते. अज्ञानापेक्षा अर्धे ज्ञान बरे.

शिवाय काम करणाऱ्यासही आपले काम कोणी पाहावे असे वाटते. सुतार आपल्या दाराची चौकट आलेल्या पाहुण्यास दाखवितो, सुगरण आपल्या स्वयंपाकघरात शेजारणीस बोलाविते. कौशल्यास प्रेक्षक हवा असतो. इंजिनकक्षातील अधिकाऱ्यास आपल्या यंत्राविषयी बोलताना आनंद होत असेल तर तो आनंद खोटा का मानावा?

पाहण्याच्या विरुद्ध

तरीही मन पूर्ण निवत नाही. त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे की, जे दाखविले जाते ते निवडून दाखविले जाते. इंजिनाचा नियंत्रणकक्ष दाखवितात, तो थंड आणि स्वच्छ असतो. इंजिनाचा उष्मा आणि गोंगाट बहुधा दाखवीत नाहीत. भटारखाना दाखवितात; त्या भटारखान्यातील माणसे ज्या खोल्यांत दोन-दोन, चार-चार मिळून झोपतात त्या खोल्या सहसा दाखवीत नाहीत. पाहुणे येणार म्हणून लादी पुन्हा एकदा पुसली जाते. म्हणजे पडदा दूर झाला असे वाटते तेव्हा खरे तर मागे आणखी एक रंगमंच मांडलेला असतो, आणि त्यामागे आणखी एक पडदा. मॅकॅनेलने नेमके यावरच बोट ठेवले होते : पर्यटकास अस्सल पाहावयाचे असते, म्हणून त्याच्यासाठी अस्सलपणाही रचून ठेवला जातो. अर्धे ज्ञान बरे, असे आम्ही वर म्हटले. परंतु आपले ज्ञान अर्धे आहे हे ज्यास ठाऊक नाही, त्याचे अर्धे ज्ञान अज्ञानाहून अधिक आत्मसंतुष्ट असते.

दुसरे कारण, नजरेतील विषमता. प्रवासी दार ओलांडून खाली जाऊ शकतो. धुलाईखान्यातील पोरगा शंभर डॉलर साठवून वरच्या मजल्याची फेरी विकत घेऊ शकत नाही. त्याच्यासाठी प्रवाशांचे बहुतेक मजले परवानगीविना बंदच असतात. एकाने पाहावे आणि दुसऱ्याने पाहिले जावे, हा क्रम बदलत नाही. ‘मला पाहू नका’ असे म्हणण्याचा अधिकारही त्यास नाही, कारण पाहिले जाणे हा त्या दिवशीच्या कामाचाच भाग असतो.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म आहे. ज्या ज्ञानाने मनुष्य ऋणी व्हावयाचा, त्याचेच मूल्य आगाऊ चुकते झालेले असते. शुल्क भरले, पाहिले, हिशेब मिटला. ऋण जाणवण्याआधीच फिटल्यासारखे वाटते.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अशाच एका जहाजाच्या भटारखान्यात कामास आहे. तो सुटीवर आला असता आम्ही त्यास सरळच विचारले, की बाबा, अशी माणसे पाहायला येतात तेव्हा तुला कसे वाटते? तो हसून म्हणाला, “फादर, पाहिल्याचे काही वाटत नाही. उलट त्या तासाभरात मोठा शेफ आमच्यावर ओरडत नाही. पण पाहुणे विचारतात, दिवसाला अंडी किती लागतात, पीठ किती लागते. तू किती वाजता उठलास, असे कोणी विचारीत नाही.” मग जरा थांबून त्याने सांगितले, “एका म्हाताऱ्या बाईने मात्र विचारले होते, घरी कोण कोण असते म्हणून. चार वर्षे झाली त्याला.”

चार वर्षे तो प्रश्न त्याच्या मनात टिकून राहिला. अंड्यांची संख्या सांगणारे उत्तर त्याने शेकडो वेळा ऐकले असेल. ते टिकले नाही. आम्हांस वाटते, आपल्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. त्या दोन प्रश्नांत पाहण्याच्या दोन जाती आहेत. एका जातीचे पाहणे माणसाच्या कष्टांचे वजन करते, दुसऱ्या जातीचे पाहणे माणसाला ओळखते.

जे डोळ्यांना दिसत नाही

डोळ्यांची आणखी एक मर्यादा आहे. डोळ्यांना वस्तू दिसतात, काळ दिसत नाही. घामाचा थेंब दिसतो. तो कितव्या तासाचा आहे ते दिसत नाही. फेरीतील प्रवासी ज्या मुलास भाजी चिरताना पाहतो, त्याच्या कराराचा तो पहिला आठवडा आहे की आठवा महिना, हे त्यास कसे कळावे? हॉटेल विभागातील करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात आठवड्याची हक्काची सुटी ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते.

हा न दिसणारा काळ पाहण्यासाठी कायद्याने वेगळे डोळे निर्माण केले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली जिनिव्हा येथे सागरी श्रम करार संमत केला. तो ऑगस्ट २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्यास २०१५ साली मान्यता दिली. खलाशास चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळावी, असे एक माप त्यात आहे. वाचक हो, जरा गणित करून पाहा. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७७ वजा केले की ९१ उरतात. हे माप लावल्यास एवढे तास काम करून घेऊनही नियम मोडत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने भूमीवरच्या कामगारासाठी आठवड्याची मर्यादा ४८ तास ठरविली होती. त्यातच बहुतेक पर्यटक-जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात आणि जहाजावर प्रामुख्याने ध्वजाच्या देशाचा कायदा चालतो. सागरी श्रम करार झाला हे फार मोठे पाऊल होते, यात शंका नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, खलाशांना घरच्यांशी संपर्कासाठी इंटरनेट मिळण्याची तरतूदही त्यात आली. परंतु विश्रांतीच्या तासांची नोंदवही तपासणारा निरीक्षक जे पाहतो, ते कोणत्याही पर्यटकास दाखविले जात नाही.

एकदा मात्र पडदा आपोआप फाटला. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज जपानमधील योकोहामा बंदरात कोरोनाच्या साथीमुळे रोखून धरले गेले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी हजाराहून अधिक कर्मचारी आणि त्यांत १३२ भारतीय. प्रवाशांस आपापल्या केबिनमध्ये बसविण्यात आले. कर्मचाऱ्यांस तसे बसविता येईना, कारण प्रवाशांस जेवण कोण देणार? ते शिजवीत राहिले, दारोदार ताटे पोहोचवीत राहिले, आणि रात्री आपल्या सामायिक खोल्यांत परतत राहिले. जहाजावरील सातशेहून अधिक जणांस लागण झाली. त्या दिवसांत जगाला प्रथमच स्पष्ट दिसले की, गालिचा आणि पत्रा यांच्यामध्ये दार एकच आहे आणि हवाही एकच आहे. पुढील महिन्यांत जगभर प्रवासी आधी घरी गेले आणि हजारो कर्मचारी रिकाम्या जहाजांवर अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईचा किनारा दिसत असूनही काही दिवस उतरू शकले नव्हते. ती पाहायला तिकीट नव्हते. आणि किती घरांनी ते दिवस कसे काढले हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक आहे.

फेरी आणि भेट

आपल्या समाजास हा विषय परका नाही. पी अँड ओ कंपनीच्या जुन्या जहाजांवर भोजनगृह आणि केबिन यांची व्यवस्था पाहणारे बहुतेक गोंयकार असत. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात त्यांच्या गावोगावच्या कुडी होत्या. जहाज मिळेपर्यंत तेथे अंग टाकायचे, ट्रंक ठेवायची, संध्याकाळी गावच्या पालक संताच्या वेदीसमोर सर्वांनी मिळून रोजरी म्हणायची. त्या पगारांतून गोव्यात आणि कोकणपट्टीत घरे उभी राहिली, चर्चचे घुमट रंगले, मुले शिकली. आजही आमच्या गावांतून तरुण जहाजांवर जातात. घरच्यांना त्यांची छायाचित्रे येतात : पांढरा गणवेश, मागे निळा समुद्र. आपण ती अभिमानाने शेजाऱ्यास दाखवितो. म्हणजे आपल्याही वाट्यास डेकच येतो. बोळ येत नाही. आपला मुलगा घरी पाठवितो ते पैसे कितव्या तासाचे आहेत, हे विचारण्याचे आपणही टाळतो, कारण उत्तर ऐकल्यावर त्या पैशांचा उपभोग पूर्वीसारखा घेता येणार नाही, अशी भीती वाटते. दृष्टीआडची सृष्टी कधीकधी आपल्याच पोटची असते.

येथे आम्हांस एका जुन्या कार्याची आठवण होते. १९२० च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात काही प्रापंचिकांनी खलाशांसाठी एक प्रेषितकार्य सुरू केले. तेच आज ‘स्टेला मारिस’ या नावाने जगभरच्या बंदरांत चालते. त्याचे स्वयंसेवकही परवानगी घेऊन जहाजावर चढतात, तोच पत्र्याचा बोळ तुडवितात, त्याच भटारखान्यात शिरतात. पण ते काही पाहायला गेलेले नसतात. कोणाला घरी फोन लावायचा आहे, कोणाचा पगार थकला आहे, कोणाची आई वारली असून त्यास जाता आलेले नाही, हे विचारायला ते जातात. वाट तीच, दार तेच. जाण्याचे प्रयोजन वेगळे.

पर्यटक करतो ती फेरी आणि हे करतात ती भेट. मराठीने ‘भेट’ या एकाच शब्दात दोन अर्थ साठविले आहेत. भेट म्हणजे गाठ पडणे, आणि भेट म्हणजे देणगी. फेरीत मनुष्य काही घेऊन परततो : माहिती, छायाचित्र, आठवण. भेटीत काही दिले जाते, निदान स्वतःचा वेळ आणि नाव. फेरीत एकजण पाहतो. भेटीत दोघे एकमेकांना पाहतात. आजाऱ्याचा समाचार घेणे असा आपला शब्दप्रयोग आहे. शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे जे चित्र आहे त्यातही आजारी आणि बंदिवान यांस कोणी पाहिले, एवढेच विचारलेले नाही. त्यांच्याकडे कोण गेले, हे विचारले आहे.

सायमन व्हेल ही फ्रेंच तत्त्वचिंतक शाळेतील अध्यापन बाजूला ठेवून १९३४ च्या डिसेंबरपासून पॅरिसच्या कारखान्यांत यंत्रांवर राबली. कष्ट पाहून कळत नाहीत, भोगून कळतात, असा तिचा निश्चय होता. तेवढे बळ सर्वांस नसते आणि ते सर्वांकडून मागणेही योग्य नव्हे. परंतु पाहणे आणि भोगणे यांच्या मधली एक पायरी सर्वांच्या आवाक्यातली आहे, ती म्हणजे विचारपूस.

आमचा निर्णय

तेव्हा मूळ प्रश्नास काय उत्तर द्यावे? दुसऱ्याचे कष्ट पाहणे स्वतः पाप नव्हे आणि पुण्यही नव्हे. ते एक दार आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात एक मूलभूत भेद सांगितला : कामाचा एक पैलू म्हणजे काय निर्माण होते तो, आणि दुसरा पैलू म्हणजे कोण निर्माण करतो तो. कामाची प्रतिष्ठा प्रथम दुसऱ्या पैलूतून येते. हा भेद श्रद्धावंताइतकाच श्रद्धा नसलेल्यासही पटावा. त्याच्या आधारे आम्ही तीन कसोट्या सुचवितो. आपण ज्यास पाहतो, त्यास आपल्याकडे पाहण्याची, आपल्याशी बोलण्याची आणि बोलणे नाकारण्याची मोकळीक आहे काय? आपण भरलेल्या शुल्कातील काही अंश त्याच्या हातात पडतो काय? आणि पाहून परतल्यावर आपल्या वागण्यात, आपल्या खर्चात, आपल्या मागण्यांत काही फरक पडतो काय? तिन्ही प्रश्नांस नकारार्थी उत्तर असेल तर ती फेरी म्हणजे तमाशाच, मग ती कितीही माहितीपूर्ण असो. तिसऱ्या प्रश्नास जरी होकार आला, तरी तिचे थोडेफार सार्थक झाले. जो प्रवासी ती फेरी करून आला आणि पुढे जहाज निवडताना तेथील कामाचे तास काय, विश्रांती किती, हे कंपनीस पत्र लिहून विचारू लागला, त्याने आपले शंभर डॉलर वाया घालविले नाहीत.

आपल्यापैकी फारच थोडे कधी अशा जहाजावर प्रवासी म्हणून चढतील. परंतु गालिचा आणि पत्रा यांच्यामधले दार आपल्या गावातही आहे. लग्नाच्या मांडवात पंगती उठतात तेव्हा मागे पडद्याआड परातींच्या ढिगासमोर उकिडवी बसलेली मुले असतात. ती कोठून आली आणि त्यांची जेवणे झाली का, हे यजमानासही ठाऊक नसते. २०१३ च्या कायद्याने साधनांविना माणसास गटारात उतरविण्यास बंदी केली, तरी माणसे उतरतात आणि मरतात. आपल्याला त्यांचे आकडे वर्तमानपत्रात दिसतात, नावे दिसत नाहीत. घरी वीस वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हातचा चहा आपण घेतो. तिच्या घराचा रस्ता आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

यांपैकी कोणतेही दार उघडण्यास तिकीट लागत नाही. पुढच्या लग्नात वधूवरांस शुभेच्छा देऊन झाल्यावर दोन मिनिटे मांडवाच्या मागच्या बाजूस जावे, त्या मुलांची नावे विचारावीत आणि ती जेवली आहेत की नाहीत ते पाहावे. जहाजावरचा मुलगा सुटीस घरी आला की त्यास कोणकोणते देश पाहिले हे विचारण्याआधी, तू किती वाजता उठत होतास, हे विचारावे. आणि तो जे सांगेल ते पुरते ऐकून घ्यावे.